मानसशास्त्राची पदवी घेतली, पुढे काय?

पहिली पायरी: बी.ए. किंवा बी.एस्सी. नंतर दोन वर्षांचे एम.ए. किंवा एम.एस्सी. केवळ पदवीवर समुपदेशक म्हणून स्वतंत्र काम सहसा मिळत नाही.

वाटा कोणत्या?
• चिकित्सा मानसशास्त्र: निदान, मानसिक चाचण्या, मानसोपचार. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक. परिषदेचा कायदा १९९२ चा. बंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही जुनी प्रशिक्षण केंद्रे.
• समुपदेशन: शाळा, महाविद्यालये, कुटुंब, व्यसनमुक्ती केंद्रे.
• औद्योगिक मानसशास्त्र: कर्मचारी निवड, प्रशिक्षण, मनुष्यबळ विभाग.
• संरक्षण दले: अधिकारी निवडीच्या एसएसबी मुलाखतीत मानसशास्त्रीय चाचण्या असतात, त्या घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ लागतात.
• अध्यापन: पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. संशोधनासाठी पीएच.डी.

फरक ओळखा
• मनोविकारतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा समकक्ष पदवी. औषधे लिहून देतात.
• चिकित्सा मानसशास्त्रज्ञ: वैद्यकीय पदवी नसते. औषधे देत नाहीत. चाचण्या आणि संवादावर आधारित उपचार करतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये या पदाची व्याख्या दिली आहे.

लक्षात ठेवा: आजवर चिकित्सा मानसशास्त्राचा मुख्य मार्ग दोन वर्षांचे एम.फिल. हा होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करण्याचे ठरवल्याने अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. प्रवेशापूर्वी संस्थेचे नाव पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तपासून घ्या.