घरी बनवा पाण्याचा कूलर, पण अर्थिंग आधी

उन्हाळा सुरू झाला की धंद्याची दुपार वाया जाते. पत्र्याच्या छपराखाली शिलाई मशीन चालवणाऱ्या कारागिराचे हात बारा ते चार मंदावतात आणि गिऱ्हाईकही दुकानात टेकत नाही. एअर कंडिशनर लहान धंद्याला परवडत नाही. दीड टनाचे यंत्र सुमारे १५०० वॅट वीज ओढते. पाण्याचा कूलर १५० ते २०० वॅटमध्ये चालतो. म्हणून कूलर घरीच बनवता येईल का, असे आमच्या विश्रामबागेतील बांधव विचारतात. जरूर येईल. फक्त त्याचे काम कसे चालते ते आधी समजून घ्यावे.

तत्त्व माठाचेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. ओल्या ताटीतून हवा ओढली की ती गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. एक किलो बर्फ वितळताना फक्त ८०. तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून पंखा लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. शिवाय बर्फ घरच्याच फ्रीजमध्ये केला, तर फ्रीज ती उष्णता त्याच घरात सोडतो.

नागपूर-विदर्भाकडे लोखंडी पत्र्याचे कूलर स्थानिक वेल्डरच बनवून विकतात. सांगली-मिरजेतही पत्रेकाम करणारे हात कमी नाहीत. साहित्य थोडेच लागते : पत्र्याचा डबा, तळाशी ४० ते ५० लिटरची टाकी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या ताट्या, समोर एक्झॉस्ट पंखा, टाकीत बुडणारा लहान पंप आणि वर भोके पाडलेली नळी. पंप पाणी वर चढवतो, ते ताटीवरून टाकीत परत येते आणि पंखा ताटीतून हवा ओढतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीला बारा इंची पंखा साधारण पुरतो. दुपारी तासाला सात-आठ लिटर पाणी खर्च होते, याचा हिशेब धरावा.

कूलर खिडकीबाहेर बसवावा आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवावी. खोली बंद केली तर ओल साचते आणि घाम वाळत नाही. बाहेर ४० अंश व हवेत २० टक्के ओल असेल, तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. तोच कूलर पावसाळ्यात, ८० टक्के ओलीत, दोन अंशही उतरवत नाही. म्हणजे आपल्याकडे त्याचा खरा हंगाम मार्च, एप्रिल आणि वळीव लागेपर्यंतचा मे. एवढ्या दिवसांसाठी किती खर्च करायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

मालाचाही विचार हवा. सुती धाग्याला ओल मानवते, मागावर तो कमी तुटतो. पण कापडाचे गठ्ठे कूलरच्या झोतात ठेवले तर बुरशी धरते आणि जर काळी पडते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी भोपळा, लाकूड व सरस या हवेपासून दूरच ठेवावेत. थोडक्यात, झोत माणसावर असावा, मालावर नसावा.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. लोखंड, पाणी आणि वीज एकाच डब्यात आले की धोका आलाच. कूलरला हात लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भातून दर उन्हाळ्यात येतात; महावितरणही दरवर्षी इशारा देते. म्हणून तीन पिनांचाच प्लग वापरावा आणि डब्याला अर्थिंगची तार पक्की जोडावी. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढावा. ओल्या हाताने किंवा अनवाणी डब्याला शिवू नये. मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि बोअरच्या पाण्याचे क्षार ताटीवर बसून हवा अडते. हंगाम संपला की ताट्या काढून डबा कोरडा करून ठेवावा.

जे कारागीर जोडधंदा म्हणून कूलर बनवू इच्छितात, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. पत्रा थोडा हलका चालेल, रंग एक हात कमी चालेल, पण अर्थिंगच्या तारेत काटकसर करू नका. ईएलसीबीची किंमत मालाच्या किमतीत धरूनच भाव सांगा. भाव जास्त म्हणून एखादे गिऱ्हाईक परत गेले तरी हरकत नाही. आपण विकलेल्या डब्याने कुणाचे घर उजाडले, तर तो तोटा कोणत्याही वहीत भरून निघत नाही.