लाल बाटली कुठे बसवायची?

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट अकराशे निघाली आणि तीच नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. पण जुनी फियाट, अॅम्बॅसिडर किंवा महिंद्राची जीप जिवापाड जपणारी माणसं आपल्या सोलापूर जिल्ह्यात आजही आहेत. रंग, क्रोम, सीटचं कापड यांवर ती हौसेनं खर्च करतात. आग विझवायचं सिलिंडर मात्र अनेक गाड्यांत नसतंच, आणि असलं तरी डिकीत स्टेपनीमागे पडलेलं असतं. डिकीतल्या सिलिंडरचा ऐनवेळी उपयोग होत नाही, म्हणून हा लेख.

जुन्या गाडीला आगीचा धोका नव्या गाडीपेक्षा वेगळा असतो. कार्बोरेटर ओसंडला की पेट्रोल बाहेर येतं. अॅम्बॅसिडरच्या जुन्या बीएमसी इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, वर-खाली असतात, त्यामुळे गळालेला थेंब थेट तापलेल्या लोखंडाकडे जातो. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. वायरिंग जुनं, फ्यूज मोजकेच, आणि मधल्या काळात कुणी तरी हॉर्नसाठी किंवा टेपसाठी ओढलेली एखादी उघडी वायर. ठिणगीला एवढं पुरतं.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच उसापासून, आपल्याच कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे. पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाची पॅकिंग या इंधनासाठी बनलेलीच नव्हती. त्या फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. सहा महिने उभी असलेली गाडी बाहेर काढली की पहिल्या दहा किलोमीटरांत पेट्रोलचा वास येतो, तो बहुतेकदा याच नळ्यांमुळे. सिलिंडर घेण्याआधी या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांनी बदलाव्यात. माझ्या मते पहिला खर्च हाच.

जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या परिसरात आणखी एक धोका आहे, जो गाडीच्या पुस्तकात सापडणार नाही. हा ज्वारीचा मुलूख. सुगीच्या दिवसांत गावोगाव कडब्याच्या गंजी लागतात आणि मळणीसाठी रस्त्यावर पीक पसरलेलं असतं. त्यावरून गाडी गेली की वाळलेली ताटं सायलेन्सरला आणि फिरत्या शाफ्टला गुंडाळून बसतात आणि पुढे कुठे तरी धुमसू लागतात. असा रस्ता ओलांडल्यावर दोन मिनिटं थांबून गाडीखाली वाकून पाहावं. तापलेली गाडी कडब्याजवळ लावू तर अजिबात नये.

आता सिलिंडर कोणतं घ्यायचं? एक-दोन किलोचं, आयएसआय चिन्ह असलेलं, एबीसी पावडरचं सिलिंडर स्वस्त आहे आणि सहज मिळतं. कापूस, पेट्रोल आणि वायरिंग अशा तिन्ही आगींवर ते चालतं. त्याची खोट एकच, आग विझल्यानंतरची. ही पावडर ओल धरते आणि धातू खाते, अॅल्युमिनियमचा कार्बोरेटर तर लवकर खराब करते. ती आधी कोरडी झाडून, ओढून घ्यावी लागते आणि मगच इंजिन धुवावं लागतं. क्लीन एजंट वायूचं सिलिंडर मागे काही ठेवत नाही, पण महाग पडतं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जड असतं, उघड्यावर वाऱ्यानं त्याचा वायू उडून जातो आणि बंद गाडीत तोच वायू माणसाचा श्वास कोंडतो. पावडरमुळे नंतर इंजिनाच्या साफसफाईला किती खर्च येईल असा हिशेब करत बसण्यापेक्षा पावडर घ्यावी आणि गाडी वाचवावी, असं मला वाटतं.

काही संग्राहक गाडीच्या काळाला शोभेल म्हणून पितळेचा जुना पायरीन पंप लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पंप मोटारींत सर्रास असत. त्यात कार्बन टेट्राक्लोराइड भरलेलं असे. हा द्रव स्वतः विषारी, आणि तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा घातक वायू निघतो. तो पंप शोभेसाठी रिकामा ठेवावा, भरलेला कधीही नाही.

सगळ्यात जास्त विचार मागते ती बसवण्याची जागा. सीटवर बसल्या बसल्या ड्रायव्हरचा हात तिथे पोचला पाहिजे, आणि बाहेर पडल्यावर दार उघडूनही सिलिंडर काढता आलं पाहिजे. उजव्या स्टिअरिंगच्या आपल्या गाड्यांत शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेला, जमिनीवर आडवं, ही जागा मला सर्वांत बरी वाटते. डावा हात तिथे पोचतो, सावली राहते आणि निसटलंच तर ब्रेकच्या पेडलखाली जात नाही. ड्रायव्हरच्या पायापाशी सुटं ठेवलेलं सिलिंडर आगीपेक्षा आधी जीव घेईल. आडवं ठेवता येतं का, हे लेबलवर पाहून घ्यावं आणि दाबाचा काटा वर दिसेल असं फिरवून ठेवावं.

मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम असा की सिलिंडरची बैठक गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट झटका सोसणारी हवी आणि पट्टे धातूचे, चटकन सुटणारे, निदान दोन हवेत. भरलेलं सिलिंडर साडेतीन किलोचं धरलं, तर टकरीच्या क्षणी ते जवळजवळ नव्वद किलोंच्या ओझ्यासारखं ओढतं. प्लास्टिकचा हूक किंवा पत्र्यात पिळलेला स्क्रू तिथे टिकत नाही. आरपार बोल्ट, खालून जाड पट्टी किंवा मोठे वायसर आणि लॉक नट हवेत.

मूळ पत्र्याला भोक पाडवत नसेल, तर सीटच्या रेलचे जे बोल्ट आधीच आहेत त्यांच्याखाली तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घालून तिच्यावर ब्रॅकेट बसवावं. गाडी विकताना पट्टी काढली की काही झालं होतं हे दिसतही नाही. ड्रिल लावायचीच असेल तर आधी गाडीखाली झोपून पाहावं. पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी जमिनीच्या खालूनच जातात.

मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि उन्हात बंद गाडी आतून साठ अंशांच्या घरात तापते. सिलिंडरवर तापमानाची मर्यादा छापलेली असते. मागच्या काचेखालचा कट्टा त्यासाठी सर्वांत वाईट जागा. गाडी उन्हात लावायची असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात, सिलिंडरवर जाड कापड टाकावं आणि निघताना ते कापड काढून ठेवावं.

धूर दिसला तर गाडी कडेला घ्यावी, चावी बंद करावी, सगळ्यांना खाली उतरवावं आणि मगच सिलिंडर हातात घ्यावं. बॉनेट पूर्ण उघडलं की आगीला हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो, म्हणून ते फटीएवढंच उचलावं. वाऱ्याच्या बाजूनं उभं राहून ज्वाळांच्या मुळाशी फवारा मारावा. लहान सिलिंडर जेमतेम आठ-दहा सेकंद चालतं. तेवढ्यात आग हटली नाही तर गाडी सोडून लांब जावं आणि ११२ किंवा १०१ ला फोन करावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. खाली सांडलेलं पेट्रोल मातीनं झाकता येतं, इंजिनावर मात्र मातीचा उपयोग नाही.

गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा सिलिंडर काढून उलटं करून हलवावं आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे पाहावं. एकदा जरासाही फवारा मारला असेल तरी ते पुन्हा भरून घ्यावं, कारण पावडरचे कण झडपेत अडकतात आणि दाब हळूहळू निघून जातो.