खिशातील विद्युत्घट

नवा स्मार्टफोन सकाळी भारित केला की रात्रीपर्यंत चालतो. दोन-तीन वर्षांनी तोच फोन दुपारीच मान टाकतो. त्याचा पडदा व इतर यंत्रणा धडधाकट असतात. थकलेला असतो तो आतील विद्युत्घट, म्हणजेच बॅटरी. ज्या घरी एकाच फोनवर मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार आणि परगावच्या माणसांची खुशाली अवलंबून असते, तेथे हा घट आणखी एक वर्ष टिकणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तो का थकतो हे समजले, तर त्याचे आयुष्य वाढविणे पुष्कळ अंशी वापरणाऱ्याच्याच हाती आहे.

घटाची रचना

या घटात दोन अग्रे असतात : एक ग्रॅफाइटचे व दुसरे बहुधा कोबाल्टयुक्त ऑक्साइडचे. दोहोंच्या मध्ये आयन वाहून नेणारा द्रव असतो. घट भारित होताना लिथियमचे आयन ऑक्साइडातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरात असताना ते माघारी फिरतात, आणि त्याच वेळी बाहेरील मंडलातून वाहणारे इलेक्ट्रॉन फोनला वीज पुरवितात. असे घट १९९१ साली बाजारात आले. त्यांच्या घडणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घट का थकतो?

ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर, द्रवाच्या विघटनामुळे, एक अतिशय पातळ थर जमतो. तो घटाचे रक्षण करतो खरा. परंतु तो जाड होत जाताना काही लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. येरझारा घालणारे आयन जितके कमी, तितकी घटाची साठवणशक्ती कमी. उष्णतेने ही झीज झपाट्याने वाढते. घट काठोकाठ भरलेला असतानाही तिला वेग येतो, कारण तेव्हा त्याचा विद्युत्‌दाब सर्वांत अधिक असतो. वैशाखाच्या उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत विसरलेला पूर्ण भारित फोन, कोणी हात न लावताही, म्हातारा होत असतो.

एक जुना समज

फोन पूर्ण रिकामा झाल्यावाचून भारित करू नये, असे अद्यापि सांगितले जाते. हा सल्ला पूर्वीच्या निकेल-कॅडमियम घटांच्या काळचा होय. लिथियम घटाचा स्वभाव याहून निराळा आहे. त्यास वारंवार तळ गाठणे मानवत नाही. थोडे थोडे भरणे मात्र मानवते.

काय करावे?

घट साधारणतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. पुष्कळ फोनांत ८० टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते. तिचा उपयोग करावा. उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून फोन भारित करू नये, कारण तेथे उष्णतेला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. हिमालयातील गावांसारख्या ठिकाणी गोठविणाऱ्या थंडीत फोन आधी उबेत आणावा व मगच भारित करावा. एरवी लिथियम ग्रॅफाइटात न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते. फोन काही महिने वापरावयाचा नसल्यास तो निम्मा भरून, बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावा.

रोजची वीज वाचविण्यासाठी पडद्याचा उजेड बेताचा ठेवावा. जेथे मनोऱ्याकडील लहरी क्षीण पोहोचतात, तेथे फोनला अधिक शक्ती खर्चून संपर्क राखावा लागतो. गरज नसेल तेव्हा अशा ठिकाणी ‘विमान’ ही स्थिती निवडावी.

इतके करूनही घट एके दिवशी थकणारच. तो फुगलेला दिसला तर टोचू वा दाबू नये, फोनही वापरू नये. जाणत्या कारागिराकडून तो बदलून घ्यावा आणि जुना घट कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावा. मात्र घट संपला म्हणजे फोन संपला, असे नाही. नवा घट बसविला की तोच फोन पुन्हा सकाळपासून रात्रीपर्यंत घराच्या सेवेस उभा राहतो.