गोंगाटासकट

पहाटे ५.३०

दिवाळीला घरी आले तरी काम सुटत नाही, त्याची वेळ तेवढी बदलते. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पहाटे नेट बरं चालतं, म्हणून मुंबईच्या संगणकांवर रात्री सोडलेले जॉब आधी बघून घेते. एक जॉब म्हणजे शिशाच्या दोन अणुकेंद्रकांची एक टक्कर, अर्थात गणितातली. खऱ्या टकरी जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणत्वरकात २०१० पासून होतात. एका केंद्रकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन. टकरीत ते वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनचा थेंबभर द्रव बनतो. तापमान १.८ लाख कोटी केल्विनच्या वर आहे तोवरच तो द्रव. सूर्याच्या गाभ्यापेक्षा हे लाखपट गरम आहे.

आज बरेच जॉब मधेच मेलेत. लॉगच्या शेवटच्या ओळीत ऊर्जा-घनता चक्क उणे.

सकाळी ७

चहासोबत लॉग वाचते. द्रवाला चिकटपणा असेल, तर त्यात औष्णिक चढउतार, म्हणजे गोंगाटही, असणारच. दोन्ही गोष्टी कणांच्या एकाच धक्काबुक्कीतून येतात. लांडाउ आणि लिफशिट्झ यांनी १९५७ साली हे द्रवगतिकीच्या समीकरणांत बसवलं. कापुस्ता, म्युलर आणि स्टेफानोव्ह यांनी २०१२ मध्ये सापेक्षतावादी रूप देऊन ते अशा टकरींना लावलं. चंद्रोदय चट्टोपाध्याय, राजीव भालेराव आणि सुब्रत पाल यांचा याच गोंगाटावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये आला. पेलाभर पाण्यात रेणू इतके असतात की हे चढउतार दिसतच नाहीत. इथे अख्ख्या थेंबातून निघतात हजारांत मोजता येतील इतकेच कण, त्यामुळे ते टक्क्यांत मोजण्याइतके मोठे होतात.

सकाळी ९.३०

जॉब मरण्याचं कारण सापडतं, आणि ते भौतिकीतच आहे. संगणकासाठी अवकाश आणि वेळ यांचे चौकोन पाडावे लागतात. चौकोन जितका लहान, तितका त्यातला गोंगाट मोठा. तिन्ही दिशांनी आणि वेळेनेही तो निम्मा केला, तर आकारमान सोळाव्या भागावर येतं आणि गोंगाट चौपट होतो. शेवटी तो सरासरीलाच गिळतो आणि ऊर्जा-घनता उणे होते. उपाय हा की, द्रव म्हणण्यात अर्थच उरत नाही इतक्या लहान अंतरावरचे चढउतार गाळून टाकायचे. गाळणी फार जाड झाली तर जे शोधतोय तेच निसटतं. गाळणी किती जाड हवी, त्या एका आकड्यापायी तास-दीड तास जातो.

दुपारी १२

दादासोबत सोयाबीन घेऊन बाजार समितीत. मापाऱ्याने ढिगातले मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले, मॉइश्चर १४. "आतून घ्या ना भाऊ, वरचा माल दवानं भिजला," दादा म्हणाला. आतल्या मुठीला १२ आलं. तीच मूठ परत टाकली, तर आकडा जरासा हलला. माझा सगळा प्रश्न त्या मशीनपाशी उभा होता. मुठीमुठीतला फरक ढिगाचा. त्याच मुठीतला फरक वेगळा. टकरींत पहिला फरक केंद्रकातल्या कणांच्या मांडणीतून येतो. बुराक आल्वर आणि गुन्टर रोलँड यांनी २०१० मध्ये दाखवलं की कण त्रिकोणी आकारात उधळतात ते याच मांडणीमुळे. दुसरा फरक औष्णिक, द्रव वाहत असताना उपजलेला. हा मशीनचा दोष नव्हे, द्रवाचाच गुण. प्रयोगात दोन्ही एकत्र हाती येतात.

दुपारी २.३०

"जेवून घे वं आधी, ते कॉम्प्युटर कुठी पळून नाई चाल्लं." आईचं बरोबरच होतं, तेवढ्यात लाइटही गेली. पिठलं-भाकरीनंतर वही-पेन. कोव्हतुन, मूर आणि रोमात्श्के यांचा २०११ चा युक्तिवाद पुन्हा मांडून पाहते. चढउतारांतून ध्वनिलहरी उठतात, त्या संवेग वाहून नेतात, म्हणजे चिकटपणात स्वतःची भर घालतात. मूळ चिकटपणा कमी असेल तर लहरी जास्त टिकतात आणि भरही वाढते. म्हणून एकूण चिकटपणा शून्यावर येऊच शकत नाही. गोंगाट वगळून चिकटपणाचा आकडा काढला, तर त्या आकड्यातही गोंगाट लपलेला असतोच.

सायंकाळी ५

लाइट आली, सरांशी ऑनलाइन बोलणं झालं. ठरलं असं: सुरुवातीची मांडणी गोठवायची, फक्त गोंगाटाचं बीज (ज्या आकड्यापासून संगणक यादृच्छिक चढउतार तयार करतो ते) बदलत राहायचं. मग जो पसारा दिसेल तो निखळ औष्णिक. टकरीच्या अक्षावर दूरदूरच्या कणांचा मेळ किती सुटतो, ते त्यातून काढायचं. प्रयोगाशी ताडायला ती जागा चांगली.

रात्री ८.३०

जेवताना बाबांनी विचारलं, "एकाच टकरीचे इतके आकडे काढतं, मंग खरा कोन्ता?"

"सगळेच खरे, बाबा."

"मंग लिवतं काय?"

"सरासरी, आणि आकडे कुठपासून कुठपर्यंत गेले ते."

"मंग ठीक हाये." बाजार समितीत आयुष्य घालवलेल्या माणसाला यापुढे समजावायची गरज नव्हती.

रात्री १०.३०

नव्या गाळणीसह जॉब सोडले: एक गठ्ठा गोंगाटासकट, एक गोंगाट बंद करून. उद्या तक्ता भरताना औष्णिक पसारा त्रुटीच्या रकान्यात जाणार नाही. त्याला सरासरीच्या शेजारी स्वतःचा रकाना मिळेल.