कायदा बदलला, दृष्टीचे काय?

भारतीय कलाविश्वाने समलैंगिक कलावंतांना स्वीकारले काय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

मुंबईत १९३४ साली जन्मलेले चित्रकार भूपेन खख्खर हे सनदी लेखापाल होते. १९६२ मध्ये ते बडोद्यास गेले. आपली समलैंगिकता त्यांनी अनेक वर्षे झाकून ठेवली. आईच्या निधनानंतर, १९८१ मध्ये, ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्राद्वारे त्यांनी मौन सोडले. सज्जात उभा असलेला विवस्त्र पुरुष खाली घडणारी बाप, मुलगा आणि गाढव यांची परिचित गोष्ट पाहत आहे, असे हे चित्र आहे. सर्वांना खूश करता येत नाही, हाच त्याचा आशय. खख्खर यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाने विकत घेतले.

असा सन्मान सर्वांच्या वाट्याला आला नाही. समलैंगिक प्रेमावरील चित्रांचे प्रदर्शन भरविणारे बलबीर कृष्ण यांच्यावर जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत हल्ला झाला. प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल तेव्हा लागू होता. २०१३ मध्ये तो रद्द झाला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले.

त्यामुळे शिक्षेची भीती सरली. प्रेक्षकाच्या मनातील पूर्वग्रह मात्र निकालाने पुसला जात नाही, हे २०१२ च्या घटनेने आधीच दाखवून दिले होते.