एकादशी, दुप्पट खाशी!

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरीच्या वाळवंटात टाळमृदंगाचा गजर दुमदुमत असतो, आणि ज्यांना वारी साधली नाही अशी पुसदसारख्या गावातील भाविक कुटुंबे आपल्या देव्हाऱ्यासमोरच विठ्ठलाला हात जोडतात. स्वयंपाकघरात मात्र त्या दिवशी पहाटेपासून निराळीच लगबग असते. साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी, राजगिऱ्याचे लाडू! पाने वाढली जात असताना घरातील एखादे वडीलधारे माणूस हसून म्हणतेच, 'एकादशी, दुप्पट खाशी!'

ही म्हण विनोदाची असली तरी तिच्यात मानवी स्वभावाचे एक मोठे सत्य दडलेले आहे. मनाला 'खाऊ नकोस' असे बजावले की ते खाण्याचाच ध्यास घेते. आधुनिक शास्त्र आज ज्या विकाराचा अभ्यास करीत आहे, त्याचे बीज आपल्या पूर्वजांनी असे दोन शब्दांत टिपून ठेवले होते.

अंग भरण्याचे कौतुक आणि लाज

पुसदजवळच्या गहुली गावचे सुपुत्र वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत 1972 चा भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामावरची सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो खाऊन दिवस काढलेली पिढी अजून अनेक घरांत आहे. त्या पिढीला भरलेले अंग हे सुबत्तेचे लक्षण वाटले, तर त्यात नवल नाही. 'खात्यापित्या घरची' हे तेव्हा कौतुकाचे बोल होते.

आज त्याच घरातील नात आरशासमोर उभी राहून खिन्न होते. हळदीकुंकवाला आलेली एखादी बाई सहज बोलून जाते, 'अगं, किती सुटलीस!' ते शब्द मुलीच्या मनात घर करून राहतात. मग एकादशी, चतुर्थी, सोमवार, जे व्रत येईल ते ती धरते. घरच्यांना तिच्या भक्तीचे कौतुक वाटते. परंतु तिचे लक्ष देवाकडे नसून वजनकाट्याकडे लागलेले असते.

काटा कसा फसवतो?

निर्जळी उपवासाच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर कमी दाखवतो आणि मन हरखते. वस्तुतः एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 उष्मांकांचा साठा. सामान्य गृहिणीला दिवसाकाठी साधारण दोन हजार उष्मांक लागतात. म्हणजे दिवसभर अन्नाचा कणही घेतला नाही, तरी पाव किलोहून अधिक चरबी झिजणे शक्य नाही. उरलेली घट मुख्यतः पाण्याची असते आणि द्वादशीचे पारणे झाले की ती भरून येते. काटा पुन्हा पूर्वपदावर आला की मन खचते, 'माझ्याने काहीच होत नाही' असे वाटू लागते, आणि त्याच उद्वेगात रात्री लाडवांचा डबा उघडला जातो.

जी फराळाचे पान घेते तिचीही फसगत होतेच. शेंगदाण्याचे भरपूर कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची एक ताटली सुमारे पाचशे उष्मांक देते. ज्वारीच्या दोन भाकरींतही तितके नसतात.

खाणे हाताबाहेर जाते तेव्हा

सणाच्या दिवशी दोन पुरणपोळ्या अधिक खाल्ल्या, तर तो काही रोग नव्हे. परंतु थोड्याच वेळात अमाप खाणे, थांबायचे ठरवूनही थांबता न येणे, लाजेने एकटे बसून खाणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे, हे आठवड्यातून एकदा तरी, सतत तीन महिने घडत असेल, तर तो विकार समजावा. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली त्याला स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. तो स्थूल व्यक्तींनाच होतो असे नाही. सडपातळ माणसालाही होतो.

उपासमारीने मन कसे बदलते, याचा बोलका दाखला 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. अहोरात्र त्यांच्या मनात अन्नाचेच विचार घोळू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावर काहींना कितीही खाल्ले तरी तृप्तीच होईना. आणि अंग भरू लागताच काहींना आपले पोट सुटल्यासारखे वाटू लागले. मुळात धडधाकट असलेल्या तरुणांची ही गत झाली, तर बोलण्यांनी घायाळ झालेल्या पोरीची काय होत असेल!

शास्त्रवचन काय सांगते?

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्णांनी अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही, हेही त्याच दमात सांगितले. चरकाचार्यांनी पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वातादी दोषांच्या संचाराला मोकळा ठेवावयास सांगितले. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, अशी मुभाही आपल्या परंपरेत आहे. म्हणून मधुमेही, गर्भवती, आजारी यांनी वैद्याच्या सल्ल्याने खाऊन-पिऊनच एकादशी करावी. त्यात अधर्म नाही.

उपवास या शब्दाचा अर्थच मुळी जवळ राहणे, ईश्वराच्या सान्निध्यात असणे. देहाला शिक्षा करणे हा त्याचा हेतू नव्हे.

म्हणून या चातुर्मासात प्रत्येक घराने एक छोटासा नेम करावा. कोणाच्याही अंगलटीवर, थट्टेनेसुद्धा, बोलू नये. पानावर बसलेल्याला आग्रह करून वाढू नये आणि त्याने काय खाल्ले हे मोजूही नये. पारण्याच्या दिवशी वरण-भात, भाजी-भाकरी असे साधे अन्न वेळेवर घ्यावे. घरात कोणी चोरून खात असल्याचे ध्यानात आले, तर त्याला रागावू नये. जवळ बसवून विचारावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. योग्य समुपदेशनाने हा विकार आटोक्यात येतो.

पंढरीचा राणा कटीवर कर ठेवून उभा आहे. त्याच्या पायी डोके ठेवणाऱ्याला तो वजन विचारीत नाही. निदान एकादशीच्या दिवशी तरी आपणही ते विचारू नये.