कोरडा गळा

‘सीसीमिक्स्टर’ या संकेतस्थळावरून उतरवलेलं अकापेला पहिल्यांदा ऐकताना अवघडल्यासारखं होतं. वाद्य नाही, ठेका नाही, रिव्हर्ब नाही. नुसता गळा. दोन ओळींमधला श्वास ऐकू येतो, गायिकेच्या हेडफोनमधली मेट्रोनोमची टिकटिक झिरपलेली असते. मध्येच लांबलचक शांतता. तिथे तिच्या मनात काहीतरी वाजत असणार. आवाज असा कोरडा मुद्दामच ठेवतात. रिव्हर्ब एकदा मुरला की नीट काढता येत नाही, आणि मग दुसऱ्याला आपलं संगीत त्याखाली बसवणं जड जातं.

खुले परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने हे ठिकाण २००४ मध्ये सुरू केलं. त्याच वर्षी ‘वायर्ड’ मासिकाने १६ गाण्यांची सीडी वाटली होती. त्यातले तुकडे घेऊन नवं काही करायला कलाकारांनी आधीच परवानगी दिली होती. त्यांत बीस्टी बॉइज होते, आणि तेव्हा ब्राझीलचे संस्कृतिमंत्री असलेले जिल्बेर्तो जिलही. मंत्र्याने स्वतःचं गाणं असं मोकळं सोडावं, याची मला अजून गंमत वाटते.

फाइलसोबत बहुधा लय आणि पट्टी लिहिलेली असते: ९२ बीपीएम, ए मायनर. म्हणजे आपली पांढरी सहा, गंधार कोमल. तंबोरा लावून घेतो, ठेका ९२ला धरतो, आणि तिसऱ्या ओळीला गायिका मागे रेंगाळते. सॉफ्टवेअरमध्ये तिला ओढून मात्रेवर बसवता येतं. मी बसवत नाही. ठेकाच थोडा मागे सरकवतो. तिचं रेंगाळणं हेच तर गाणं आहे.

खरा वेळ जातो तो कागदपत्रांत. मिक्स चढवताना कुणाकुणाचं काय वापरलं ते नोंदवावं लागतं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून चालणाऱ्या ‘फ्रीसाउंड’वरचा पावसाचा आवाज श्रेयाच्या अटीवर घेतला असेल, तर तो ध्वनिमुद्रित करणाऱ्याचंही नाव द्यायचं. ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ आपलं नाव स्वतःच गुंफून गेला; इथे ते काम दुसऱ्याने करायचं असतं. आणि घटकांपैकी एकही ‘अव्यावसायिक’ परवान्याचा असला, तर अख्खं मिक्स तसंच होतं. चार सेकंदांची शिट्टी पुरते.

लघुपट करणारी मित्रमंडळी ‘बदल नको’ परवान्याचं संगीत बिनधास्त दृश्यांखाली लावतात. आम्ही एक सूरही बदलला नाही, म्हणतात. पण चित्रासोबत गाणं जुळवणं हाच या परवान्यांत बदल धरला जातो. हे सांगितलं की चेहरे पडतात. बहुतेकांचं एडिटिंग तोवर संपलेलं असतं.

मिक्ससोबत मी सुटे ट्रॅकही झिपमध्ये ठेवतो. एकाने त्यातला माझा तंबोरा तेवढा उचलला, गळा वगळला आणि वर ड्रम चढवले. त्याच्या यादीत तंबोऱ्यापुढे माझं नाव रीतसर होतं. ड्रम जरा जास्त झाले होते.